धाडसी, धाडसी, धाडसी आणि एक घाबरट

कार्टून सिनेमातल्या सगळ्या मुली एकाच आईच्या पोटच्या असतात, असं मी एका रविवारी चहा पिता पिता बोलून गेलो. वाक्य तसं निरुपद्रवी होतं. शेजारच्या राजेश्वरीवहिनी नेमक्या त्याच वेळी विरजण मागायला दारात आल्या नसत्या, तर ते चहाबरोबर पोटात गेलं असतं आणि पुढचा दीड महिना मी सुखानं जगलो असतो.

टीव्हीवर सिनेमा चालू होता. माझी मुलगी रश्मी, वय वर्षं दहा, उशी पोटाशी धरून बघत होती. पडद्यावरची मुलगी डोंगराच्या टोकावर उभी होती, वारा सुटला होता, केस उडत होते आणि आता ती गाणार, हे आमच्या भिंतीवरच्या पालीलासुद्धा कळलं होतं.

"बघा," मी म्हणालो, "डोळे पुरीएवढे, नाक हरभऱ्याच्या डाळीएवढं, कंबर तर नाहीच. मागच्या रविवारचीही अशीच होती. ती बर्फात होती, ही वाळवंटात आहे. ड्रॉइंग तेच, मटेरियल वेगळं."

हे मी अधिकारानं बोललो. मी बारामतीच्या एमआयडीसीत ड्राफ्ट्समन आहे. बावीस वर्षं दुधाच्या टाक्यांची ड्रॉइंगं काढतोय. एका ड्रॉइंगवर किती टाक्या निघतात, हे मला कुणी सांगायला नको.

"मग भाऊजी, तुम्हीच काढा की वेगळी मुलगी," विरजणाची वाटी हातात धरून राजेश्वरीवहिनी म्हणाल्या. "सोसायटीच्या बालमेळाव्याला यंदा काहीतरी नवीन हवंच आहे. पाच-सात मिनिटांचा सिनेमा करा. दरवर्षी तेच नाच बघून माझ्या डोळ्याला पाणी येतं."

वहिनींच्या डोळ्याला कशानंही पाणी येतं, हा भाग वेगळा. पण मी हसलो, आणि तिथंच चुकलो. माझी बायको अनिता एसटीत कंडक्टर आहे. ती नुकतीच ड्युटीवरून येऊन पाय पसरून बसली होती. तिनं डोळे न उघडताच निकाल दिला.

"काढतील ते. गोल टाकी काढतात, मुलगीही गोलच काढतील. काय अवघड आहे?"

आमच्या घरात अनितानं एकदा डबल बेल दिली की गाडी सुटते. मधे कुठं थांबा मागायची सोय नाही.

संध्याकाळी रश्मी तिची वही घेऊन आली. ही मुलगी फार कमी बोलते. तिला पालीची भीती वाटते, कुकरच्या शिट्टीची वाटते, पीटीच्या सरांच्या शिट्टीची तर फारच. मागच्या मेळाव्यात तिला झाडाचं काम दिलं होतं. झाडाला वाक्य नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. पण पडदा उघडल्याबरोबर झाड पळालं आणि अर्ध्या तासानं पाण्याच्या टाकीमागं सापडलं. सोसायटीतली मुलं अजून तिला बघून "झाड आलं, झाड आलं" करतात. त्यामुळं ती खाली खेळायलाच जात नाही, खिडकीतून बघते.

वहीत तिनं आजवर पाहिलेल्या सिनेमांतल्या मुलींची यादी केली होती. 'पाण्यातली – धाडसी. बर्फातली – धाडसी. महालातली – धाडसी, पण आधी उदास. जंगलातली – धाडसी (केस लाल).' अशी दोन पानं. आणि सगळ्यात खाली, रेघ मारून, 'घाबरट – एकही नाही.'

"अगं, घाबरतात की त्या मधेमधे," मी म्हणालो.

"एकदाच घाबरतात, पप्पा. मग गाणं होतं. गाण्यानंतर परत कधीच घाबरत नाहीत." ती जरा थांबली. "मला गाण्यानंतर पण भीती वाटते."

आता कुठल्याही शहाण्या बापानं इथं वही खाली ठेवली असती आणि मुलीला जवळ घेतलं असतं. मी म्हणालो, "बरं, बघू. घालू आपल्या सिनेमात एखादी." आणि विसरून गेलो, कारण माझं लक्ष तोवर कथेकडं लागलं होतं.

कथा अशी होती. चार बहिणी. त्यांची ठकी नावाची शेळी. मोरगावच्या एसटी स्टँडवर शेळी हरवते, चौघी तिला शोधतात, शेळी सापडते. कथा मला एका दमात सुचली. अनिता म्हणाली, तेवढीच आहे ती.

पहिली मुलगी काढायला आठ दिवस लागले. माणसाचं चित्र काढताना आधी मध्यरेषा मारायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर ती पाचशे लिटरच्या टाकीला वेण्या घातल्यासारखी दिसत होती, पण माप एक मिलिमीटर इकडंतिकडं नव्हतं. उरलेल्या तिघींना मात्र पाच मिनिटं पुरली. कॉम्प्युटरवर कॉपी, पेस्ट. एकीचा अंबाडा, एकीची एकच वेणी, एकीचे केस मोकळे.

अनितानं चौघींचे प्रिंट ओळीनं लावून पाहिले. "ह्या चौघी एकाच पासवर फिरतील," ती म्हणाली. "कुठल्याही चेकरला संशय येणार नाही."

मी दुर्लक्ष केलं. कलावंताला घरात किंमत नसतेच.

सल्ले मात्र बाहेरून भरपूर आले. सिनेमाची बातमी जिन्यातून वर गेली आणि सल्ले जिन्यातून खाली आले. सोसायटीचे सेक्रेटरी दीपकराव, म्हणजे राजेश्वरीवहिनींचे यजमान, म्हणाले, एक मुलगी संस्कारी ठेवा, बाकी तिघी कशाही चालतील. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सुचवलं की एकीला कराटे येऊ द्या. तळमजल्यावरच्यांचं म्हणणं होतं, शेळी शोधता शोधता ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा संदेश जायला पाहिजे. मी विचारलं, शेळी दोन्ही खाते त्याचं काय? ते अजून बोलत नाहीत माझ्याशी. मात्र एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. मुलगी धाडसी पाहिजे.

तेव्हा मी चौघींनाही धाडसी केलं. वाद नको.

पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या मुली, हातापायांना रिवेट, मागं आकाश म्हणून निळी रंगवलेली आमच्या हॉलची भिंत, आणि इंच इंच हलवून मोबाईलवर काढलेले फोटो. यात एक महिना गेला. मग आवाजांचा प्रश्न आला. थोरलीचा आवाज अनिताला दिला, मधलीचा राजेश्वरीवहिनींना. तिसरीसाठी माझी साखरआत्या मिळाली. ती कन्हेरीला असते, स्वतः भाजीपाला करते, आणि त्या दिवशी वांग्यांची पिशवी द्यायला म्हणून आली होती. तिला चहा देऊन खुर्चीत बसवली आणि हातात कागद दिला.

रेकॉर्डिंग सुरू झालं. शेळी हरवते. प्रत्येकीला एक वाक्य होतं. मी फार विचार करून लिहिलं होतं: 'मी हार मानणार नाही!'

अनितानं ते असं म्हटलं की मला आपोआप मागं सरकून दाराशी जागा करून द्यावीशी वाटली. वहिनींनी सुरुवात बरी केली, पण 'हार' या शब्दावर त्या अडल्या. "बिचारी शेळी कुठं असेल हो? तिनं काही खाल्लं असेल का?" म्हणून त्यांनी माझ्याच टॉवेलला डोळे पुसले.

आत्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "आरं भूषण, शेळी हरवलीया न्हवं?"

"हो."

"मग हार मानायचं न् न्हाय मानायचं कुठं आलं ह्यात? शेळी हुडक की!"

"आत्या, ते धाडसाचं वाक्य आहे."

"धाडसाचं हाय व्हय? मला वाटलं कुस्त्या हायत." मग तिनं प्रिंट डोळ्यांजवळ धरला. "आन् ह्या पोरींचं डोळं असं का? थायराइड हाय का कुणाला?"

मी तिघींकडून ते वाक्य सतरा वेळा म्हणून घेतलं. अठराव्या वेळी तिघी एकसारख्या बोलल्या, म्हणजे एकसारख्या कंटाळल्या. मी समाधानानं रेकॉर्डिंग बंद केलं. चौथीचं वाक्य अनिताच्याच आवाजात जरा बारीक करून टाकलं. रश्मी दाराच्या फटीतून बघत होती.

आता उरलं सोसायटीच्या सभागृहाचं बुकिंग. बालमेळाव्याची तारीख ठरली होती, पण सिनेमा मेळाव्यात बसत नाही, त्याला संध्याकाळी वेगळा हॉल घ्या, असं कमिटीचं म्हणणं पडलं. सोसायटीच्या ऑफिसात जोतीराम नावाचा क्लार्क आहे. कमिटीनं त्याला नुकतंच नवीन सॉफ्टवेअर आणून दिलंय. पूर्वी तो नुसता नाही म्हणायचा, आता सॉफ्टवेअर नाही म्हणतंय असं म्हणतो.

"कार्यक्रमाचा प्रकार?" त्यानं विचारलं.

"बालचित्रपट."

"तसा प्रकार न्हाय. चारच प्रकार हायत. लग्न, बारसं, सर्वसाधारण सभा आन् शोकसभा."

"इतर नाही?"

"इतर काढून टाकलं सेक्रेटरीसाहेबांनी. लोक कायबी करायला लागलं हुतं इतरमधी."

लग्नाला पत्रिका जोडावी लागत होती. बारशाला बाळाचा दाखला. सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची नोटीस, आणि माझ्या हातात आठच दिवस होते.

"शोकसभेला काय लागतं?"

"कायबी लागत न्हाय," जोतीराम म्हणाला. "लगीच मिळतो हॉल. शोकसभेला कोण आडवं येतंय?"

मी म्हणालो, टाका. नुसतं हॉलच्या नोंदीपुरतं तर आहे. त्यानं आयोजक म्हणून माझं नाव टाकलं आणि बटण दाबलं. ते बटण दाबलं की सोसायटीच्या एकशे बारा घरांत मोबाईलवर निरोप जातो, ही गोष्ट जोतीरामला तेव्हा माहीत नव्हती. मला घरी पोहोचायच्या आत कळली.

'शोकसभा. श्री. बुद्धभूषण अहिवळे. रविवार, सायं. ५ वा. सभागृह.'

जिन्यात मला भेटलेल्या पहिल्या बाईनं किंचाळून दार लावलं. अनिता इंदापूरच्या गाडीवर होती. भर गाडीत तिला सहा जणांचे फोन आले, आणि सहाव्याला तिनं सांगितलं म्हणे, "मघाशी वांग्याची भाजी खाऊन गेलेत ते. तिकीट फाटलेलं नाही अजून. फोन ठेवा." मी परत खाली पळालो. जोतीराम शांतपणे म्हणाला, "शोकसभा रद्द करायचं बटण न्हाय. गेल्याला मानूस परत येत न्हाय म्हणून ठिवलंच न्हाय त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात भानुदासतात्या. तात्या वालचंदनगरला फोरमन होते, निवृत्तीनंतर इथं राहायला आले. आमच्या सोसायटीत कुणीही गेलं तरी भाषण तात्यांचंच. दार मीच उघडलं. तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे तू हायस," ते म्हणाले. आवाजात किंचित नाराजी होती.

मी सगळा घोटाळा सांगितला. तात्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आता लिवलंच हाय तर ऐकून तरी घे. रातभर जागलोय."

माणसाला आपल्यामागं काय बोललं जाईल हे ऐकायची संधी सहसा मिळत नाही. मी त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर बसलो, चेहरा शक्य तितका निगर्वी केला. तात्यांनी घसा साफ केला.

"कैलासवासी बुद्धभूषण हे मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ आणि सर्वांच्या मदतीला धावून जाणारं व्यक्तिमत्त्व होतं. त्यांच्या जाण्यानं न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे."

मी पुढं ऐकायला थांबलो. तात्यांनी कागदाची घडी घातली.

"एवढंच?"

"एवढंच असतंय."

"तात्या, हे तर मागच्या महिन्यात ए विंगमधले आजोबा गेले तेव्हा बोलला होतात. आणि त्याआधी त्या बँकेतल्या बाईंच्या वेळी. आणि मी मनमिळाऊ कुठून? दीपकरावांशी मी पाण्याच्या मोटरवरून दोन वर्षं बोलत नव्हतो! मदतीला धावून मी आयुष्यात कधी गेलो नाही, मला धाप लागते. तुम्ही मला अकरा वर्षं ओळखता. माझं म्हणून काहीच आठवलं नाही?"

"आरं, गेल्यालं मानूस चांगलंच असतंय," तात्या दुखावून म्हणाले. "चांगलं म्हणजे असंच की. दुसरं काय लिवायचं?"

ते गेले. मी बसून राहिलो. खरं सांगतो, मेल्याच्या बातमीनं मला एवढं लागलं नव्हतं. एकशे बारा घरांत अकरा वर्षं राहिलो, आणि माझं भाषण कुणालाही चालेल असं निघालं. नाव बदला, विंग बदला, की झालं.

रश्मी बाजूला येऊन उभी राहिली होती. कधी आली कळलं नाही.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या चौघी पण तशाच झाल्यात."

मी तिच्याकडं बघितलं. मग भिंतीशी रांगेनं उभ्या केलेल्या चार पुठ्ठ्यांकडं बघितलं. आणि मला ती वही आठवली, ती रेघ, आणि रेघेखालची ओळ. आपली मुलगी दोन पानं भरून स्वतःला शोधत होती आणि मी 'बरं, बघू' म्हणालो होतो.

"घाबरट मुलगी असेल तर ती काय करेल?" मी विचारलं. "शेळी तिला कशी सापडेल?"

रश्मीनं ते आधीच ठरवलेलं होतं. तिनं मला सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, एक शब्द न बदलता.

पुढचे पाच दिवस घरात गोंधळ होता. चौघींचे चेहरे बदलायला वेळ नव्हता, म्हणून आवाज बदलायचे आणि नवा फक्त शेळी सापडण्याचा भाग काढायचा, असं ठरलं. मी तिघींना परत बसवलं आणि सगळे कागद काढून घेतले. म्हणालो, शेळी हरवलीय, तुम्ही काय कराल ते बोला. मग अनितानं सगळ्या स्टँडची रांग लावली, वहिनी शेळीच्या चिंतेनं मनमोकळं रडल्या, आणि आत्यानं भेटेल त्या माणसावर संशय घेतला. "तुझ्या पिशवीत काय हलतंय रं? दाव बरं!" हे कुणी लिहिलं असतं? रश्मीला मात्र सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. ती मोबाईल घेऊन कपड्यांच्या कपाटात बसली, दार लावलं, आणि वीस मिनिटांनी बाहेर आली.

रविवारी सभागृह भरलं. अर्धी माणसं पांढऱ्या कपड्यात आली होती. काहींना खरंच कळलं नव्हतं, आणि काहींना कळूनही, धुतलेत तर घालू, असं वाटलं असावं. तात्यांनी उठून दोन मिनिटं शांतता जाहीर केली. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. आपल्याच शोकसभेत बसून राहणं बरं दिसत नाही.

मग सिनेमा लागला, आणि पहिल्याच मिनिटाला ध्यानात आलं की शेळीचं प्रमाण चुकलंय. मुली एकास दहाच्या, एसटी एकास वीसची आणि शेळी एकास पाचची. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या ड्रॉइंगचं प्रमाण चुकलेलं नाही, आणि चुकलं ते सगळ्या सोसायटीसमोर. एसटीतून एसटीएवढी शेळी उतरली. "अरे, ही हरवली कशी?" मागून कुणीतरी विचारलं. पुढं तिसरीचं डोकं निसटून उलटं लागलं होतं, ते दोन मिनिटं तसंच राहिलं. मी मान खाली घातली.

पण लोक हसत होते, आणि हळूहळू कळलं की शेळीला नाही, पोरींना हसतायत. चेहरे चौघींचे सारखेच, पण तोंड उघडलं की मुलं ओरडायची, "कंडक्टर आली! रडकी आली!" आत्याच्या पिशवीवाल्या वाक्याला तर दीपकरावांनी टाळी दिली, तीसुद्धा मला.

मग चौथीची वेळ आली. आवाज इतका बारीक होता की सगळं सभागृह ऐकण्यासाठी गप्प झालं. तिघी मोठ्यानं हाका मारत स्टँडभर फिरत होत्या. चौथी गर्दीला घाबरून उभ्या एसटीत शिरली आणि सगळ्यात मागच्या बाकाखाली सरपटत गेली. तिथं अंधारात शेळी बसली होती.

"मला वाटलंच तू इथं असशील," ती म्हणाली. "मी असते तर इथंच लपले असते."

शेळी काही बोलली नाही.

"मला पण भीती वाटते. आपण थोडा वेळ बसू. मग जाऊ."

आणि त्या दोघी बसल्या. गाणं नाही, वारा नाही, केस उडत नाहीत. पडद्यावर नुसत्या दोघी बसलेल्या, चांगलं अर्धं मिनिट. मी हा भाग कापायला निघालो होतो, रश्मीनं कापू दिला नाही. सभागृहात कुणी हललं नाही. मग चौथीनं शेळीचा कान धरला, शेळीनं तिचा फ्रॉक तोंडात धरला, आणि दोघी बाहेर आल्या.

राजेश्वरीवहिनी रडल्या, पण त्यांचं काही खरं नाही. अनितासुद्धा दुसरीकडं बघत होती, आणि तिला भर यात्रेच्या गर्दीतही मी कधी दुसरीकडं बघताना पाहिलेलं नाही. रश्मी सभागृहात नव्हती. ती बाहेर दाराआड उभी राहून टाळ्या ऐकत होती.

सोमवारी मी कामावरून आलो तेव्हा खाली मोकळ्या जागेत सात-आठ मुलींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. शेळी शेळी खेळायचं होतं आणि कुणी थोरली व्हायला तयार नव्हती. सगळ्यांना घाबरटच व्हायचं होतं. शेवटी सगळ्याच घाबरट झाल्या आणि दोन्ही हात वर करून, किंचाळत, गोल गोल पळायला लागल्या.

मी वर खिडकीकडं पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. जिन्यात चपला वाजल्या, आणि रश्मी माझ्या बाजूनं, माझ्याकडं न बघता, सरळ त्यांच्यात गेली. तिचे कान लाल झाले होते. फ्रॉकचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"असं नाही घाबरत कुणी," ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पण सगळ्या थांबल्या. "ओरडायचं नाही. आधी गप्प व्हायचं. मग जागा बघायची. बघा, मी दाखवते."